नमुना नेलात, उत्तर द्या

अंधेरी पश्चिमेला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या तीन संस्था आहेत. वेसाव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, जिला 1989 पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. वेसाव्यातच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र. शिवाय राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र. कालिन्याला मुंबई विद्यापीठ आहेच, 1857 सालचं. आता वेसाव्याहून मनोरी या कोळ्यांच्या गावी कसं जायचं ते पाहा. फेरीबोटीने खाडी ओलांडून मढ, मढहून रस्त्याने मार्वे, मार्वेच्या जेटीवरून दुसरी फेरीबोट पकडून मनोरी. दोन खाड्या आड येतात, पण त्या संशोधकांना अडवत नाहीत. खाडीचं पाणी बाटलीत भरायला, गाळ पिशवीत घ्यायला, तिवराची पानं तोडायला, बोटीतून उतरलेली मासळी मोजायला माणसं बरोबर पोचतात. काम झालं की परत जातात.

उत्तर मात्र परत येत नाही. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, तोंडी परीक्षा विद्यापीठाच्या आवारात होते, प्रत ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढते आणि नावापुढे डॉक्टर लागतं. ज्या खाडीच्या पाण्यावर ही पदवी मिळाली त्या खाडीत रोज उतरणाऱ्या माणसाला, आपलं पाणी बरं आहे की वाईट, हे कुणी सांगत नाही. ही तक्रार एका संस्थेविरुद्ध नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांतल्या मत्स्यसंस्था मच्छीमारांसाठी प्रशिक्षणं घेतात, हे मला मान्य आहे. तक्रार विद्यापीठांच्या नियमांबद्दल आहे. नमुना कुठून आणला हे प्रबंधात लिहावं लागतं. तिथे परत जाऊन काय सांगितलं, हे कुणी विचारत नाही.

विचारलं तर दाखवायला विज्ञान दिन असतो. 28 फेब्रुवारी. रामन परिणामाचा शोध 1928 चा, दिन साजरा होतोय 1987 पासून. त्या दिवशी विद्यापीठाचे दरवाजे उघडतात, शाळांच्या बसगाड्या येतात, भित्तिपत्रकं लागतात, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो. मुलं खूश होतात आणि ते चांगलंच आहे. पण परीक्षांचे दिवस असतात, शिक्षकांचं अर्धं लक्ष पोर्शनवर असतं, आणि मुलांनी पाहिलेल्या त्या ज्वालामुखीचा मनोरीशी काही संबंध नसतो. मनोरीच्या मुलांच्या घरात आणि दारात जे विज्ञान रोज घडतं, त्याला या दिवशीही जागा नसते.

भरतीचंच घ्या.

मनोरीत कुणाही जुन्या तांडेलाला विचारा, आज भरती किती वाजता. तो मोबाईल काढणार नाही. तिथी आठवेल, तिची पाऊणपट करेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेल्या आकड्याला पूर्ण भरती. पंधरवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि बोट खाडीतून कधी काढायची, डोल जाळी कधी लावायची, ते त्यावर ठरत आलं आहे. यात खगोलशास्त्र आहे, अपूर्णांक आहेत, आणि अंदाज बांधून तो रोज तपासण्याची सवय आहे. शाळेच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आहे. पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत असल्याची आकृतीही आहे. तिची पाऊणपटीशी सांगड मात्र वर्गात घालावी लागते. नाहीतर घरात आजोबा जे रोज करतात तेच वर्गात शिकवलं जातंय, हे मुलाच्या ध्यानातच येत नाही.

आता इथे संशोधकाने काय करावं? व्याख्यान देऊ नये. प्रश्न द्यावा. पाऊणपटीच्या हिशेबात भरती रोज 45 मिनिटं पुढे जाते. चंद्र मात्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो. म्हणजे पंधरवड्याच्या शेवटाकडे आजोबांचा हिशेब आणि समुद्र यांच्यात तासाभराचा फरक पडायला हवा. पडतो का? कोणत्या तिथीला सर्वांत जास्त पडतो? सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळेलाही तेवढाच पडतो का? आणि पडत असेल तर आजोबांचं अडत कसं नाही? मनोरीच्या जेटीवर मीटर आणि सेंटिमीटर रंगवलेला एक दांडा रोवायचा आणि सातवी-आठवीच्या मुलांनी पाळीपाळीने त्यावर पाण्याची उंची वाचायची. महिन्याभरात उत्तर दिसायला लागेल. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी जाहीर करते, ती समोर ठेवून आपले आकडे ताडून पाहायचे. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. जगातले शास्त्रज्ञ समुद्र किती चढला हे सांगताना ज्या जुन्या नोंदींकडे वळतात, त्यांत ही एक आहे. मनोरीची मुलं त्याच समुद्रावर तेच काम करतील. फरक साधनांचा असेल, कामाचा नसेल.

या प्रयोगात विद्यापीठालाही फायदा आहे, आणि तो मी मुद्दाम सांगतोय. जेटीवर रोज माणूस ठेवायला कुठल्या विभागाकडे पैसे आहेत? गावातल्या शाळेची मुलं रोज तिथेच असतात. ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या गटाने 2017 पासून हेच दाखवून दिलं. सुकतीच्या वेळी सामान्य मुंबईकरांना किनाऱ्यावर फिरवायचं, दिसेल त्या जिवाचा फोटो काढायचा, ठिकाण आणि तारीख नोंदवायची, ओळख जाणकारांनी पटवायची. गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर काय काय राहतं याची मोठी नोंद अशा हौशी माणसांमुळे झाली. विद्यापीठांनी हे आधीच करायला हवं होतं.

दुसरं उदाहरण पापलेटचं, आणि ते जास्त बोचणारं आहे.

2023 मध्ये राज्य सरकारने चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी 54 प्रकारच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली गेली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. पापलेटसाठी ही लांबी 135 मिलिमीटर. शिफारस वेसाव्याच्या संशोधकांकडून आली होती. मागचं तत्त्व साधं आहे: पिल्लांना वाढू द्या, माशाची वीण होऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी जाळ्यात काही येणार नाही. निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण हे विज्ञान किनाऱ्यावर कशाच्या रूपात पोचलं? दंड होणाऱ्या नियमाच्या रूपात. ज्ञान म्हणून ते आधी पोचलं असतं तर प्रश्न विचारले गेले असते, आणि ते प्रश्न फार चांगले आहेत. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत धरायची की मधल्या खाचेपर्यंत? डोलीत आलेला मासा वर काढेपर्यंत मेलेलाच असतो, मग लहान म्हणून पाण्यात फेकून काय साधलं? मासा आल्यानंतर मोजण्यापेक्षा जाळ्याचा आसच मोठा का करू नये? आस मोठा केला तर जवळा निसटेल, त्याचं काय? गलबतं मोठी झाली, इंजिनं मोठी झाली, पर्ससीन जाळी आली, मग लहान बोटवाल्यालाच पट्टी का लावता?

कोळणीच्या टोपलीसमोर बसून संशोधकाने या प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. काहींची त्याच्याकडे आहेत. काहींची नाहीत, तिथून नवं संशोधन सुरू व्हावं. आणि शाळेत? प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत 15 सेंटिमीटरची पट्टी असते. 135 मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. घरी आलेलं पापलेट त्या पट्टीने मोजायचं, आकडा वहीत लिहायचा, वर्षभर लिहायचा. कोणत्या महिन्यात लहान मासा जास्त आला, याचा आलेख पाचवीतलं मूल काढू शकतं. हा आलेख बापाने पाहिला तर घरात जे बोलणं होईल, ते दंडाच्या पावतीने होणार नाही.

बोंबलाचं एका दमात सांगून टाकतो. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं. वाळवायला वलांडीवर टांगायच्या आधी एका बोंबलाचं वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. वारा असलेल्या दिवशी किती वेळ लागला, दमट दिवशी किती, ते लिहा. बाष्पीभवनाचा धडा झाला, टक्केवारी झाली, आणि बाजारात सुक्या मासळीचा भाव असा का असतो हेही कळलं.

आता मिठाबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण मनोरीवर येऊ घातलेली सर्वांत मोठी गोष्ट मिठाचीच आहे.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मुंबई महापालिकेचा प्रकल्प मनोरीत ठरला आहे. 2021 मध्ये त्याचा सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला. पहिला टप्पा रोज 20 कोटी लिटर पाण्याचा, पुढे तो दुप्पट करण्याची योजना. मच्छीमारांनी आक्षेप घेतले आहेत. त्यांची भीती एकच आहे: मीठ काढून घेतलेलं पाणी मुंबईला जाईल, उरलेलं अति खारट पाणी कुठे जाईल?

हा प्रश्न राजकारणाचा होण्याआधी सहावीच्या गणिताचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 100 लिटर घेतलं तर साडेतीन किलो. त्यातून 40 लिटर गोडं पाणी निघालं असं धरा. उरलं 60 लिटर, आणि साडेतीन किलो क्षार जवळजवळ सगळे त्यातच. म्हणजे लिटरला 58 ग्रॅम. हेच प्रमाण धरलं तर रोज 20 कोटी लिटर गोड्या पाण्यासाठी 50 कोटी लिटर समुद्र आत ओढावा लागेल आणि 30 कोटी लिटर दाट खारट पाणी बाहेर सोडावं लागेल. ते कुठे सोडलं, किती खोल सोडलं, भरतीला की ओहोटीला, प्रवाहात किती वेळात मिसळलं, यावर खाडीतल्या कोलंबीचं आणि माशांच्या अंड्यांचं काय होणार हे ठरेल. नीट सोडलं तर थोड्या अंतरावर फरक उरत नाही. वाईट ठिकाणी सोडलं तर जड पाणी तळाशी बसतं आणि तळाशी राहणारे जीव मरतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गावाला त्या दोन्ही सांगणारा माणूस हवा आहे, ज्याचा कंत्राटाशी संबंध नाही आणि ज्याला आंदोलनात पुढारीही व्हायचं नाही. विद्यापीठाचा संशोधक याच कामासाठी असतो. त्याचा पगार जनतेच्या पैशातून येतो.

आणि शाळेत शिकवायला मनोरीइतकी चांगली जागा नाही. खाडीकाठी तिवर उभा आहे. तो बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो, आत शिरलेलं पानांतून बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळी पान हातात घेऊन पाहा, पांढरे कण दिसतात, चाटलं तर खारट लागतं. उत्तनकडून भाईंदरकडे गेलं की मिठागरांचा प्रदेश लागतो. तिथे सूर्य पाणी उडवून लावतो आणि मीठ ठेवतो. येणाऱ्या प्रकल्पात पंप जोर लावून पाणी पडद्यातून पलीकडे ढकलणार, मीठ अलीकडे राहणार. पाणी आणि मीठ वेगळं करण्याच्या तीन रीती, एका खाडीच्या आसपास. एक झाडाची, एक आगऱ्याची, एक यंत्राची. प्रत्येकीत ऊर्जा कुठून येते, काय हाती लागतं, काय टाकून द्यावं लागतं, याचा तक्ता वर्गातल्या फळ्यावर मांडता येतो. हे समजलेलं मूल प्रकल्पाच्या सुनावणीला बापाबरोबर गेलं तर त्याला कुणी फसवू शकणार नाही. कंपनी नाही आणि पुढारीही नाही.

हे सगळं कुणी करत नाही असं नाही, आणि महाराष्ट्रात हे कसं करावं याचे धडे आधीच गिरवले गेले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या महापालिका शाळांत गेले, जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गेले, तिथल्या शाळांत वर्षानुवर्षं बसले. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की तीच मुलं विज्ञानात पुढे जातात, हे त्यांनी शाळेत तपासून दाखवलं. मुलं कच्ची आहेत, हा समज तिथे मोडला. डॉ. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. उत्तरं खरोखर येत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्यांनी शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू केली. विश्वरचनाशास्त्रात जगभर नाव असलेल्या माणसाला पोस्टकार्डासाठी वेळ होता. त्यामुळे वेळ नाही असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही.

टाटा संस्थेचाच ‘चाय अँड व्हाय’ हा कार्यक्रम 2009 पासून चालू आहे, जुहूच्या पृथ्वी थिएटरात, रविवारी सकाळी, फुकट. तो फार चांगला आहे आणि तो ज्यांना मिळतो ते भाग्यवान आहेत. पण मनोरीच्या मुलाला रविवारी सकाळी जुहूला पोचायचं तर बोट, बस, लोकल आणि पुन्हा रिक्षा. म्हणून माझं म्हणणं आहे की कार्यक्रमाने खाडी ओलांडावी. मनोरीतले बरेच कोळी ख्रिस्ती आहेत. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चबाहेर सगळं गाव भेटतं. तिथे अर्धा तास, मराठीत, एक टेबल आणि खाडीच्या पाण्याच्या चार बाटल्या. कोनशिला नको, पाहुण्यांचा सत्कारही नको.

विद्यापीठांची अडचण मी ऐकली आहे. बढतीच्या वेळी सर्वांत जास्त वजन शोधनिबंधाला. गावात जाऊन बोललं तर फार तर पाठीवर थाप. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये वैज्ञानिकांच्या सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं आणली, वर्षातले किमान 10 दिवस अशा कामाला द्यावेत असं त्यांत म्हटलं आहे. 10 दिवस पुष्कळ आहेत. मनोरीला त्यातले चार पुरे. पण मार्गदर्शक तत्त्वं कागदावर राहतात. त्यामुळे मला एक साधा नियम हवा आहे: जिथून नमुने घेतले तिथे जाऊन, प्रबंध सादर करण्याआधी, संशोधकाने दोन पानी मराठी निवेदन वाचून दाखवावं आणि प्रश्न घ्यावेत. सोबत मार्गदर्शक हजर हवा. विद्यार्थ्याला एकट्याला पाठवून चालणार नाही, कारण गावाचे प्रश्न अवघड असतात आणि त्यांची उत्तरं देणं ही मार्गदर्शकाचीही जबाबदारी आहे. प्रबंधाच्या शेवटी गावाने विचारलेले प्रश्न जोडावेत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने त्यातला निदान एक विचारावा.

शाळांकडून मात्र काही मागू नये. शिक्षकांवर मतदारयाद्या आहेत, सर्वेक्षणं आहेत, रोज भरायचे ऑनलाइन तक्ते आहेत. त्यांना आणखी एक अहवाल लिहायला लावलात तर पुढच्या वर्षी दार बंद. साधनं संशोधकाने आणावीत, शाळेत सोडून जावीत, बिघडली तर स्वतः येऊन दुरुस्त करावीत. वर्षभरात तीन-चारदा तरी तोच माणूस यावा. दर वेळी नवा चेहरा आला तर मुलं प्रश्न विचारत नाहीत.

वेळ कोणती, तेही ठरलेलं आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तांडेल आणि खलाशी घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते, अभ्यास अजून डोक्यावर बसलेला नसतो. विद्यापीठांतही तेव्हा नवं वर्ष आखलं जातं. येत्या जूनमध्ये वेसाव्याच्या किंवा कालिन्याच्या एखाद्या विभागाने दोन माणसं पाठवावीत, एक रंगवलेला दांडा घेऊन आणि क्षारता मोजायचं हातात मावणारं साधं उपकरण घेऊन. कोलंबीची शेती करणारे शेतकरी ते रोज वापरतात, मुलांना अर्ध्या तासात येतं. खाडीच्या तोंडाशी, जेटीजवळ आणि आत तिवरांत, अशा तीन ठिकाणी आठवड्यातून एकदा मोजणी करायची. पावसाळ्यात क्षारता उतरेल, उन्हाळ्यात चढेल, भरती-ओहोटीला बदलेल. खाडीचं हे वागणं निदान पूर्ण वर्षभर नोंदलेलं असायला हवं, आणि ते प्रकल्पाचे पंप सुरू होण्याआधी. नंतर मोजणी सुरू केली तर पाणी किती बदललं हे विचारायला जागाच राहणार नाही, कारण आधीचा आकडा गावाकडे नसेल.